उपवासी माशाचे आमिष

ज्याला भूकच नाही अशा जिवाला आमिष दाखवून फशी पाडावे, हा व्यवहार तर्काच्या कोणत्याही कसोटीला उतरणारा नव्हे. परंतु स्कॉटलंडातील टे, ट्वीड, स्पे आणि डी या नद्यांच्या काठी तो पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या गांभीर्याने, आणि प्रसंगी भरमसाट पैसा मोजून, चालत आलेला आहे. अटलांटिक महासागरातील सॅमन हा मासा (मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या रावसाशी त्याचे कसलेही नाते नाही) नदीत जन्मतो, बालपणाची काही वर्षे तेथेच काढतो, मग फेरो बेटे आणि ग्रीनलंड यांच्या बाजूच्या थंड समुद्रात उतरून एक-दोन, क्वचित तीन वर्षे यथेच्छ चरतो, आणि अंगावर पुरेशी चरबी चढली की प्रजोत्पादनासाठी आपल्या जन्मनदीची वाट धरतो. गोड्या पाण्यात शिरल्यापासून तो जवळजवळ काहीच खात नाही. त्याचे जठर आक्रसते, आणि शरदाच्या अखेरीस अंडी घालण्याचे कार्य उरकेपर्यंत, म्हणजे जे मासे जानेवारी-फेब्रुवारीतच नदीत येतात त्यांच्या बाबतीत नऊ-दहा महिने, तो साठवलेल्या मेदावर निर्वाह करीत डोहाच्या तळाशी पडून राहतो.

अशा या उपवासी प्राण्याच्या तोंडासमोरून पितळेचे किंवा लाकडाचे एक रंगवलेले, गरगर फिरणारे खेळणे गेले की तो कधी कधी त्यावर झडप घालतो. का घालतो, याविषयी जितके गळ टाकणारे तितकी मते आहेत: कोणी म्हणतात संताप, कोणी कुतूहल, कोणी आपल्या जागेवरील अतिक्रमणाचा निषेध, तर कोणी समुद्रातील जुन्या सवयीची स्मृती. माशाची साक्ष काढता येत नसल्यामुळे हा खटला निकाली निघण्याची चिन्हे नाहीत. मात्र व्यवहारापुरता त्यातून एक निष्कर्ष निघतो, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म त्यातच आहे. ज्याला खायचेच नाही त्याच्यापुढे अन्नाची हुबेहूब प्रतिकृती ठेवून उपयोग नसतो. आमिष किती खोलीवरून जाते, किती वेगाने जाते आणि किती मोठे दिसते, या तीन गोष्टी त्याला उठवतात किंवा पडू देतात. रंगाचा विचार त्यानंतर करावा. दुकानांच्या काचपेट्यांत याच्या नेमका उलट क्रम मांडलेला असतो, हे सांगणे नलगे.

आमिषाने पाण्यात फिरावे ही कल्पना जुनी आहे. आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथात, ट्राउट माशाच्या प्रकरणी, एका कुशल स्त्रीने कापड व रेशीम यांनी शिवून तयार केलेल्या कृत्रिम मिनोचे, म्हणजे बोटाएवढ्या माशाचे, वर्णन आहे; आणि आमिष प्रवाहाविरुद्ध ओढले असता चपळपणे गरगरले पाहिजे, याविषयी तो लेखक मोठा आग्रही आहे. एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला धातूचे अंग मिळाले आणि ‘डेव्हन मिनो’ नावाचे जे आमिष रूढ झाले, ते आजही सॅमनच्या नद्यांवर आपली जागा राखून आहे. त्याची रचना इतकी साधी आहे की तीत सुधारणा करू पाहणाऱ्यांची बहुधा निराशाच झाली असावी. दोन्ही टोकांना निमुळती अशी एक पोकळ नळी, तिच्या खांद्यावर परस्परविरुद्ध कलते बसवलेले दोन पर, नळीतून आरपार गेलेली तार, आणि तारेच्या मागच्या टोकाला एक मणी व तिहेरी गळ. पाणी परांवर आदळले की नळी तारेभोवती फिरू लागते. मासा अडकला की ती तारेवरून वर सरकून बाजूला होते आणि गळ तेवढा जबड्यात राहतो. तरफेसारखा जोर लावून गळ उपटण्यास माशाला काही साधन उरत नाही, आणि डेव्हनवर लागलेले मासे सहसा सुटत नाहीत याचे मुख्य कारण हेच.

या फिरण्याला एक किंमत मोजावी लागते, ती पिळाची. सुंभ वळणाऱ्याने एका टोकाकडून पीळ देत राहावे तसा आमिषाचा प्रत्येक फेरा दोराला पीळ देत राहतो, आणि तासाभरात रिळावर अशी गुंतवळ होते की सुरीवाचून इलाज राहत नाही. म्हणून दोर आणि तार यांच्यामध्ये फिरती कडी घालावी लागते. कडीच्या पुढे बाकदार किंवा एका बाजूस लोंबणारे शिसे बांधले तर ते स्वतः फिरत नाही आणि पीळही वर चढू देत नाही. वाय नदीच्या नावाने ओळखले जाणारे केळ्याच्या आकाराचे शिसे याच हेतूने घडवलेले आहे. काही धोरणी लोक डावीकडे आणि उजवीकडे फिरणारे डेव्हन आलटून पालटून वापरतात, म्हणजे एकाने घातलेला पीळ दुसरा काढतो.

आमिषाइतकेच ते फेकण्याच्या यंत्रालाही महत्त्व आहे. पर्थ येथील पीटर मॅलॉक याने १८८४ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या रिळाचा पिंड, म्हणजे ज्यावर दोर गुंडाळलेला असतो तो भाग, फेकीच्या वेळी आडवा वळवता येई, त्यामुळे दोर त्याच्या कडेवरून सुटा निघे. पण पिळाचा उपद्रव त्यात होताच. १९०५ साली ब्रॅडफर्डच्या लोकर-उद्योगातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने गिरणीतील बॉबिनवरून सूत कसे उलगडते हे पाहून स्थिर पिंडाचे रीळ सिद्ध केले. आज जगात कोठेही नवशिक्याच्या हाती जे रीळ प्रथम दिले जाते ते त्याच कुळातील होय. पुढचे मोठे नाव स्वीडनचे. स्वेंगस्टा गावी १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून निघालेली आबू ही कंपनी टॅक्सीमीटरही बनवी. हा धंदा सुटल्यावर दातेरी चक्रांचे तेच कसब तिने रिळांकडे वळवले. मोर्रुम नदीच्या काठच्या या कारखान्याने ‘टोबी’ नावाचा लांबट चमचा बाजारात आणला. तो डेव्हनप्रमाणे गरगरत नाही. अंग झोकून डोलतो, त्यामुळे पिळाची पीडा कमी. पण टोबीवर लागलेला मासा पुष्कळदा सुटतो, कारण लांब, जड आणि ताठ धातूच्या आधाराने तो गळ उपटून टाकू शकतो. म्हणून जाणकार लोक मूळचा गळ काढून मध्ये एक जादा कडी घालतात. फ्रान्समध्ये १९३८ साली आंद्रे म्योलनार या अभियंत्याने काढलेली ‘मेप्स’ ही तिसरी जात. तिच्यात देह स्थिर असतो आणि आसाभोवती फक्त पाते फिरते. रुंद पाते संथ पाण्यातही लवकर फिरू लागते आणि आमिषाला वर उचलते. अरुंद, लांबट पाते अंगालगत फिरते आणि वेगवान खळाळात तळाजवळ टिकते. याच मेप्सच्या गळाला बांधण्यासाठी विस्कॉन्सिनमधील अँटिगो गावी खारीच्या शेपट्या विकत घेतल्या जातात, ही हकीकत विनोदी वाटली तरी खरी आहे.

आता निवडीकडे. फेब्रुवारीत, पाण्याचे तपमान चार-पाच अंशांवर असताना, सॅमनचे रक्त थंड आणि हालचाल मंद असते. तो आमिषामागे धावत नाही. अशा वेळी अडीच-तीन इंचांचा डेव्हन तळापासून हातभर उंचीवरून, शक्य तितक्या सावकाश, त्याच्या तोंडावरून न्यावा लागतो. येथे नवशिके लोक जड पितळी डेव्हन घेतात आणि तो दगडांत अडकवून गमावतात. अनुभवी गिली, म्हणजे नदीच्या त्या टापूची खडान्‌खडा माहिती असलेला वाटाड्या, हलका लाकडी डेव्हन घेऊन त्याच्या पुढे हातभर अंतरावर शिसे लावतो: शिसे तळ चाचपीत जाते आणि लाकूड तळापासून वर तरंगत फिरते. मे महिन्यापासून पाणी उबदार होऊ लागले की आकार दीड इंचावर, कधी त्याहूनही खाली येतो, खोलीचा आग्रह सुटतो आणि वेग वाढतो. ऐन उन्हाळ्यात तर प्रवाहाच्या वरच्या अंगाला छोटी मेप्स फेकून ती पाण्यापेक्षाही जलद गुंडाळीत आणण्याची रीत आहे. जो मासा संथ आमिषाकडे आठवडाभर ढुंकून पाहत नाही, तो अशा पळणाऱ्या वस्तूमागे गिरकी घेतो.

रंगाची वहिवाट थोडक्यात सांगता येते. पुराचे गढूळ पाणी ओसरू लागले की काळा-सोनेरी किंवा पिवळ्या पोटाचा, पीटच्या दलदलीतून येणाऱ्या तांबूस पाण्यात सोनेरी किंवा तांब्याचा, नितळ पाण्यात निळा-रुपेरी. याहून अधिक बारकावे सांगणाऱ्याला बहुधा काही तरी विकायचे असते.

फेकण्याची सर्वसाधारण पद्धत अशी: पलीकडच्या काठाकडे, किंचित खालच्या अंगाला आमिष टाकावे, दोर ताणून धरावा, आणि प्रवाहालाच ते कमानीत आपल्या काठाकडे आणू द्यावे. रीळ फिरवण्याचे काम फारच थोडे असते. हाताला स्वस्थता नसणे हा या विद्येतील सर्वांत मोठा दोष होय. प्रत्येक फेकीनंतर एक-दोन पावले खाली सरकावे, म्हणजे डोहाची इंच न्‌ इंच जागा चाळली जाते आणि मागून येणाऱ्याचाही खोळंबा होत नाही. पूर चढत असताना मासे प्रवासात असतात व गळाकडे लक्ष देत नाहीत. पाणी उतरून नितळू लागते ते काही तास खरे.

ब्रिटनमध्ये काठी-दोराने धरलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनची नोंद याच जातीच्या आमिषावर आहे. ७ ऑक्टोबर १९२२ च्या संध्याकाळी टे नदीवर ग्लेनडेल्व्हाइन येथे जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने, वडील नाव वल्हवीत असताना, डेस नावाच्या लहान माशाचे आमिष मागे ओढीत ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा, मासा धरला; झुंज दोन तासांहून अधिक चालली आणि मासा नावेत आला तेव्हा अंधार पडला होता. पुढे पर्थमधील मॅलॉकच्या दुकानाच्या खिडकीत त्या माशाची प्रतिकृती लागली असता दोन वृद्ध गृहस्थ तिच्यापुढे उभे राहून, बाईमाणसाने असला मासा काढला ही शुद्ध थाप आहे असे म्हणत होते, आणि ती स्वतः त्यांच्या पाठीमागे उभी राहून ऐकत होती, असे तिनेच सांगून ठेवले आहे. शंभर वर्षे उलटली तरी तो विक्रम मोडलेला नाही.

हीच हत्यारे इंग्रजी अंमलात हिंदुस्थानात आली. मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली मंगळुराहून प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात, वजनास वजन धरता महसीर सॅमनपेक्षा अधिक झुंज देतो, असा स्वच्छ कौल दिला आहे. आपल्या सह्याद्रीतील नद्यांत आढळणारा खडस हा महसीरचाच भाईबंद. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने त्याची पैदास अनेक वर्षे चालविली आहे. परंतु महसीर भुकेला असतो आणि चमचा त्याला खरोखरच लहान मासा वाटतो. सॅमनच्या बाबतीत चमच्याने काय साधते ते वर आलेच आहे.

फिरत्या आमिषाचे राज्य आता आकुंचन पावत आहे. डी नदीच्या बहुतेक भागांत केवळ पिसांच्या कृत्रिम माशीची मुभा आहे, आणि इतरत्रही गळाचे काटे घासून काढण्याचे किंवा तिहेरीऐवजी एकेरी गळ लावण्याचे दंडक आले आहेत. माशीवाल्यांच्या या आग्रहात जुना खानदानी तोरा थोडा नाही असे नव्हे. परंतु सॅमनची संख्या खरोखरच घसरली आहे, २०२३ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने ग्रेट ब्रिटनमधील सॅमनची गणना संकटग्रस्त वर्गात केली, आणि अशा स्थितीत थोडा जाच सोसणे न्याय्यच म्हणावे लागेल. स्कॉटलंडात १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावाच लागतो. त्यानंतर नदीच्या प्रतीप्रमाणे हुकूम बदलतो. काठीने धरलेला मासा विकण्यास तर २००२ पासून मनाई आहे.

एडिंबरा किंवा ग्लासगो येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकाला हा नाद करून पाहावासा वाटला, तर त्याने दुकानातील रंगीत पेट्यांकडे पाठ फिरवून एक लाकडी आणि एक धातूचा डेव्हन, एक मध्यम टोबी, एक लहान मेप्स, चांगल्या फिरत्या कड्या आणि गळ सोडवण्याची चिमटी एवढेच घ्यावे. उरलेले पैसे गिलीच्या मेहनतान्यासाठी राखून ठेवावेत. नदी डोळ्यांना मोकळी दिसली तरी सॅमन धरण्याचा हक्क तेथे खाजगी मालमत्ता असतो, म्हणून त्या टापूच्या मालकाचा परवाना आधी हाती असावा. आणि रविवारी जाऊ नये. स्कॉटलंडात त्या दिवशी सॅमनसाठी गळ टाकणे हा गुन्हा आहे.