एका पिस्तुलाचे मूळ रूप

गेल्या वर्षी गणपतीला रत्नागिरीत बहिणीकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला आणि भाच्याने दिवाणखान्याच्या भिंतीवरचे पिस्तूल काढून माझ्यापुढे ठेवले. "मामा, हे मूळ रूपात आणायचंय. बाबांचं राहून गेलं होतं." मी आयुष्यभर यंत्रशाळेत लेथ शिकवली, जुन्या शस्त्रांचा नाद निवृत्तीनंतरचा. त्यामुळे हे काम माझ्याकडे येणे साहजिक होते.

माझ्या मेहुण्यांनी ते तीस वर्षांपूर्वी घाटावरच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतले होते. ते आंग्र्यांच्या आरमारातले, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुरावाही होता. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर 'श्री' आणि खाली '१६४०' असे कोरलेले होते. शके १६४० म्हणजे इसवी सन १७१८. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, तेव्हा हिशेब चोख जमत होता. मेहुणे प्रत्येक पाहुण्याला ते दाखवीत. ते गेल्याला आता चार वर्षे झाली.

या पिस्तुलाची एक खोड मात्र त्यांनाही खुपत असे. कान्होजींच्या काळातले पिस्तूल म्हणजे गारगोटीवर चालणारे हवे. हे तर केपाचे होते. 'कोणीतरी मागाहून बदल केला, तो काढून टाकायचा,' असा त्यांचा बेत होता आणि तोच आता भाच्याने उचलला होता.

हा बदल काय असतो, ते आधी सांगायला हवे. ठासणीच्या हत्यारात दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून भरतात. प्रश्न असतो तो आतल्या दारूपर्यंत ठिणगी पोचवायचा. सर्वांत जुनी रीत तोड्याची: जळती वात चाप ओढला की खाली येते. मराठी फौजांत तोड्याच्या बंदुका अठराव्या शतकात पुष्कळ काळ चालल्या. दुसरी रीत गारेची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की तो एका पोलादी झडपेवर घासतो, झडप उघडते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात आणि रंजकाची ज्योत नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून आत जाते. तिसरी रीत केपाची. तांब्याच्या इवल्याशा टोपीत आघाताने पेटणारे रसायन असते. टोपी पोकळ खुंटीवर बसवायची, घोडा तिच्यावर हातोडीसारखा आपटतो आणि आग खुंटीतून थेट आत जाते. दिवाळीत मुले टिकल्यांचे पिस्तूल वाजवतात, त्यातले तत्त्व हेच. फक्त तिथे आग कुठेच जात नाही.

केपाच्या मुळाशी एक शिकारी पाद्री आहे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे अलेक्झांडर फोर्सिथ. वाटीतला रंजक भडकलेला पाहून बदके गोळी पोचायच्या आत उडून जातात, ही त्यांची अडचण. आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग करून त्यांनी १८०७ मध्ये एकस्व घेतले. पुढच्या पंधराएक वर्षांत तांब्याची टोपी आली. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलविचला दोन्ही रीतींची तुलना झाली: सहा हजार बार काढल्यावर गारेची बंदूक साधारण साडेसहा बारांत एकदा चुकली, केपाची १६६ बारांत एकदा. यानंतर लष्कराने जुनी हत्यारे फेकून न देता त्यांच्यातच बदल करायला सुरुवात केली. झडप, वाटी आणि झडपेची कमान काढायची, बाजूचे छिद्र मोठे करून तिथे खुंटीचा ठोकळा आटे पाडून बसवायचा, घोडा बदलायचा. एका कारागिराचे काही तासांचे काम.

आपल्याकडे या बदलाचे मोल पावसाने ठरवले. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जिथे काड्याची पेटी सादळते, तिथे उघड्या वाटीतल्या रंजकाचे काय होणार? याचे रक्तरंजित उदाहरण चीनमधले आहे. मे १८४१ मध्ये कँटनजवळ सान्युआनली इथे मद्रासच्या ३७व्या देशी पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात सापडली. त्यांच्या गारेच्या बंदुका पेटेनात. हजारो गावकऱ्यांनी त्यांना घेरले. त्यांना सोडवायला गेलेल्या नौसैनिकांच्या दोन तुकड्यांकडे केपाच्या बंदुका होत्या, त्या पावसातही चालल्या. कोकणातला शेतकरी रानडुकरांपासून भात राखायला परवान्याची जी ठासणीची बंदूक आजही बाळगतो, तीही केपाचीच.

भाच्याला हे सगळे सांगून मी कामाला लागलो. पहिले काम तपासाचे. तेही पाहण्याचे नव्हे, मोजण्याचे. जुन्या ठासणीच्या हत्यारात बार भरलेलाच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि शंभर वर्षांची दारू कोरडी असेल तर पेटू शकते. म्हणून एक लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून ती बाजूच्या छिद्रापर्यंत पोचते का ते पाहायचे. आमची काठी दीड इंच अलीकडेच थांबली.

आम्ही दोघेही गप्प झालो. तीस वर्षे हे पिस्तूल भिंतीवर होते आणि लहानपणी भाचा ते घेऊन अंगणात धावला होता. काम तिथेच थांबवले, पोलिसांना कळवले आणि जाणकारांकडून तपासणी करून घेतली. आत निघाले कुंभारमाशीचे मातीचे घर आणि त्यामागे नळीत ठोकून बसवलेला पितळी गट्टू. खुंटीचे छिद्रही झाळून बंद केलेले. हत्यार कायमचे निकामी होते.

हा गट्टू कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ नुसार जुनाट बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र अधिनियमाच्या कचाट्याबाहेर राहते. अट ही की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. उलट कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करणे हा गुन्हा. म्हणजे भाचा ज्याला 'मूळ रूपात आणणे' म्हणत होता, ते शब्दशः केले असते तर घरातली शोभेची वस्तू परत शस्त्र झाली असती. जुन्या शस्त्राला हात लावण्याआधी हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे आणि आपली वस्तू नेमकी कुठे बसते ते पोलिसांकडून लेखी घ्यावे. आम्ही घेतले.

मग कळीची पट्टी भिंगाखाली धरली. तिच्यावर जाड काळा रंग होता. नाकाजवळ थोडा खरवडल्यावर तीन बुजवलेली भोके दिसली: वाटीच्या स्क्रूचे, झडपेच्या स्क्रूचे आणि कमानीचे. म्हणजे मेहुण्यांचा तर्क बरोबर होता. हे पिस्तूल गारेचेच जन्मले होते. आमचा उत्साह वाढला. रंग आणखी निघाला आणि पट्टीच्या मध्यावर, 'श्री'च्या किंचित डावीकडे, मागल्या दोन पायांवर उभा असलेला एक लहानसा सिंह दिसला.

हा सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याआधी कंपनी आपल्या हत्यारांवर बदामाच्या आकाराचे चिन्ह उमटवी. सिंह आला १८०८ पासून. नऊ इंचांची नळी, तोंड साधारण पाऊण इंचाला थोडे कमी, गज हरवू नये म्हणून बिजागरीने जोडलेला. ही कंपनीच्या घोडेस्वाराची ठेवण. कान्होजींना जाऊन जवळजवळ ऐंशी वर्षे झाल्यावर ते घडवले गेले होते.

मग 'श्री १६४०'? भिंगाखाली त्याचेही उत्तर मिळाले. जुन्या लोखंडावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. अक्षरे आधी कोरली असतील तर खड्डे अक्षरांच्या आतही असतात. इथे अक्षरांची रेघ खड्डे कापून गेली होती आणि तिचा तळ गुळगुळीत होता. लोखंड म्हातारे झाल्यावर, कुणीतरी, गिऱ्हाईक पाहून ती कोरली होती. दस्त्यावरचे पितळी खिळे आणि काळा रंग त्याच हातचे.

आता प्रश्न उरला: मूळ कोणते? या एका पिस्तुलात तीन काळ होते. कंपनीचे गारेचे पिस्तूल, नंतरचे केपाचे आणि व्यापाऱ्याचे 'आंग्रेकालीन'. पाश्चात्त्य बाजारात गारेच्या पिस्तुलाला केपाच्यापेक्षा जास्त भाव मिळतो, म्हणून विसाव्या शतकात असंख्य केपाच्या हत्यारांवर नव्या झडपा आणि वाट्या बसवून त्यांना परत गारेचे केले गेले. जाणकार ती ओळखतात: वाटीच्या कडा फार धारदार, स्क्रूचे आटे नवे, झाळाचा रंग निराळा. अशा दुरुस्तीत जुने काही परत येत नाही. खरे होते तेवढे पुसले जाते आणि त्याच्या जागी नवीन वस्तू बसते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जतनासाठी दोन नियम घातले, ते मला इथेही पटतात. जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबवावी. आणि वस्तूत भर घालणाऱ्या प्रत्येक काळाचा मान राखावा. केपाचा बदल हा वापरणाऱ्याने गरजेपोटी केलेला, म्हणून तो पिस्तुलाच्या आयुष्याचा भाग. रंग आणि खिळे विकण्यासाठी चढवलेले. त्यांचे आयुष्याशी काही नाते नाही. आम्ही नवी झडप बसवली नाही.

काम तीन आठवडे चालले. पॉलिशपेपर आणि तारेचा ब्रश यांना घरात बंदी होती, कारण त्यांनी गंजाबरोबर खुणाही जातात. रंग कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागा धरून उतरवला. खिळे बांबूच्या कामटीने सैल करून काढले. भोके बुजवली नाहीत. लोखंडाला शिलाई मशीनचे तेल लावून दोन दिवस मुरू दिले आणि सुटलेला गंज कामटीनेच खरवडला. शेवटी मेणाचा पातळ हात दिला, कारण रत्नागिरीची खारी हवा उघड्या लोखंडाला सोडत नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला, खिळे डबीत ठेवले. 'श्री १६४०' तसेच ठेवले. ते घासून काढायचे तर सिंहही गेला असता.

खरी कसोटी पुढे होती. बहिणीला सांगायचे कसे? आंग्र्यांचे म्हणून तीस वर्षे मिरवलेले पिस्तूल कंपनी सरकारचे निघाले होते. मी तिला सांगितले ते असे: रत्नागिरी जिल्ह्याने कंपनीच्या मुंबई फौजेला पिढ्यान्‌पिढ्या शिपाई पुरवले. दापोलीला लोक अजून 'कॅम्प' म्हणतात, ते त्या छावणीमुळे. पेन्शनवर आलेले शिपाई तिथे राहत, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर तिथेच राहिले होते. आरमाराची आठवण ठेवायला विजयदुर्ग उभा आहे. पगारासाठी परक्याचे हत्यार धरलेल्या माणसांची आठवण ठेवायला फारसे काही नाही.

तिने पिस्तूल हातात घेऊन सिंहावरून बोट फिरवले. "त्यांना कळलं असतं तर दोन दिवस बोलले नसते," ती म्हणाली. "मग तिसऱ्या दिवशी कुणालातरी चहाला बोलावून हेच सांगत बसले असते."

पिस्तूल परत भिंतीवर गेले. खाली भाच्याने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: हे कंपनीचे पिस्तूल, १८०८ नंतरचे, पुढे केपाचे केले, अक्षरे बनावट. चिठ्ठीच्या खाली बहिणीने पेनाने भर घातली आहे: घेतले यांनी, हौसेने.