‘झालं गेलं विसरा’ एवढ्यानं समेट होत नाही

पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं किंवा बायकोचं बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं, की परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावात अनेकदा भावकीची बैठक बसते. लेकराबाळांची आण घातली जाते, ‘झालं गेलं विसरा’ म्हणून मंडळी उठतात. यात चांगला हेतू असतो, पण काही पक्के गैरसमजही असतात.

गैरसमज : ‘व्यभिचार आता गुन्हा राहिला नाही, मग तक्रार कसली?’
वस्तुस्थिती : २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, हे खरं. पण त्या कलमानं फसवल्या गेलेल्या बायकोला कधीच काही दिलं नव्हतं. शिक्षा व्हायची ती दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला, तीही त्या बाईच्या नवऱ्याची संमती नसेल तरच. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बायकोला फिर्याद करता येत नव्हती. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार मात्र व्यभिचार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे, आणि ते नवरा-बायको दोघांनाही सारखंच लागू आहे.

गैरसमज : ‘एकदा पदरात घेतलं, की पुढं बोलायचा हक्क संपला.’
वस्तुस्थिती : याच कायद्याचं कलम २३ सांगतं, की माफ केलेल्या व्यभिचारावर घटस्फोट मागता येत नाही. इथवर लोकांचं म्हणणं बरोबर आहे. पण १९७५ च्या दास्ताने खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी माफीचा अर्थ उलगडला. तो खटला छळाचा होता, तत्त्व मात्र इथंही तेच : अपराध पोटात घालून जोडीदाराला पहिलं स्थान परत देणं म्हणजे माफी, आणि पुन्हा तसं न वागण्याची अट तिच्यात न बोलता असतेच. अट मोडली, तर जुना अपराधही पुन्हा उभा राहू शकतो.

यावर कुणी म्हणेल, अटीची माफी म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. मला तसं वाटत नाही. अट भूतकाळ उगाळायला सांगत नाही, ती पुढच्या वागण्याबद्दल आहे, आणि एकनिष्ठेचा तो शब्द लग्नातच दिलेला असतो. ‘कायदा घरं मोडतो’ हा आक्षेपही टिकत नाही, कारण शक्य तिथं आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कलम २३ नं न्यायालयाचंच कर्तव्य ठरवलं आहे. समेट जरूर व्हावा. पण बाहेरचा संबंध पूर्ण तुटलाय का, त्यापायी गेलेल्या पैशाचा, गहाण पडलेल्या दागिन्याचा हिशेब मिळाला का, हे विचारायची मुभा दुखावलेल्या माणसाला हवी. ती नसेल तर घर एकत्र दिसतं, विश्वास मात्र परत येत नाही. बाईला मिळकत कितीही असली तरी विधी सेवा कायद्यानं वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. तो सल्ला घेणं म्हणजे संसार मोडायला निघणं नव्हे. आपले हक्क ठाऊक असलेल्या माणसानं आपखुशीनं केलेली माफीच संसार पुढं नेते.