कविता पाठ झाली, पुढं काय?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पाचवी ते आठवीतलं मूल असेल, तर कवितेचा अभ्यास तुम्हाला नवा नाही. कडवी पाठ करून घ्यायची, 'कवीला काय सांगायचे आहे?' याचं उत्तर गाईडमधून उतरवून काढायचं, की सुटलो! आता याच मुलाला कोरा कागद देऊन 'तू एक कविता लिही बरं' असं म्हणून पाहा. फुलपाखरू येईल, इंद्रधनुष्य येईल, चांदोबा येईल आणि 'छान'ला 'पान' जुळवून कविता संपेल. यात मुलाचा काही दोष नाही. पुस्तकात दिसलं तेच कवितेचं सामान, असं त्याला वाटतं. आपल्या ओट्यावरची, गल्लीतली, शेतातली वस्तूही कवितेत चालते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कर्जत भागातल्या एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. आठवड्यातला एक तास कविता लिहिण्यासाठी मागून घेतला आहे. त्या तासाला 'छान, सुंदर, मस्त, रम्य' या चार शब्दांना बंदी! 'सुंदर' म्हणायचं असेल, तर ती वस्तू दिसते कशी, वाजते कशी, हाताला कशी लागते, तिचा वास कसा, ते सांगा. पहिले दोन तास मुलं पेन्सिली चावत बसतात. मग हळूहळू वस्तू बाहेर यायला लागतात.

आणि वस्तूंना आमच्याकडे काय तोटा? पुण्याकडे निघालेल्या गाड्या कर्जतला थांबतात, बोरघाट चढण्यासाठी त्यांच्या शेपटीला ढकलणारी इंजिनं लागतात. तो धक्का इथल्या प्रत्येक पोराच्या ओळखीचा आहे. खोपोलीच्या मुलांना डोंगरावरून उतरलेले वीजघराचे जाड नळ रोजचेच. टाटांचं ते वीजघर १९१५ सालचं! शेतकऱ्यांच्या मुलांकडे तर शब्दांची कणगीच भरलेली असते: राब, आवण, चिखळणी, खाचर, इरलं. एकदा मी फळ्यावर 'इरलं' लिहिलं, तर वर्ग दोन गटांत वाटला गेला. बंगलेवाल्यांच्या मुलांना ते माहीत नव्हतं आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्यांना त्याची वीण कशी असते, तेही सांगता येत होतं. त्या दिवशी शिकवणारे बदलले!

पावसाच्या सुरुवातीला बाजारात ठाकर बायका शेवळं घेऊन बसतात, ती तुम्हीही घेत असाल. काकडं घातल्याशिवाय ती भाजी घशाला खाजते, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक. सातवीतल्या एका मुलीनं लिहिलं,

'आई शेवळं विकते.
लोक विचारतात, खाजणार नाही ना?
खाजतात ते तिचे हात.'

तीनच ओळी. यमक नाही, 'छान' नाही. वाचून झाल्यावर वर्गात कुणी बोललं नाही. एरवी ही मुलगी वाचायला उभी राहिली, की 'पाणी'चं 'पानी' होतं आणि मुलं फिदीफिदी हसतात. इथंच खरी अडचण आहे, बघा. घरची बोली अशुद्ध असं एकदा मुलाच्या मनात बसलं, की ते तोंडच उघडत नाही. मी त्यांना बहिणाबाई चौधरींबद्दल सांगते. लिहिता-वाचता न येणारी ही खानदेशातली शेतकरीण. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकात आली; तीही त्यांच्या बोलीतच, कुणी ती 'शुद्ध' करत बसलं नाही. दुसरं नाव तर आमच्या दारातलंच. नारायण सुर्वे यांनी उतारवयात नेरळला घर केलं होतं. एका गिरणी कामगारानं उचलून आणून वाढवलेलं हे पोर. मुंबईत पालिकेच्या शाळेत आधी शिपाई होतं, मग तिथंच मास्तर झालं, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. कामगारांच्या तोंडची भाषा त्यांनी तशीच कवितेत आणली. हे ऐकताना मागच्या बाकावरची मान वर होते, ती मी पाहिली आहे.

शुद्धलेखन नंतर. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवायचं नाही म्हणजे नाही!

पण म्हणून सगळं मोकाटही सोडत नाही, बरं का. मुलांना मोजणं आवडतं. अभंगाचा एक साचा त्यांना हमखास जमतो: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजत, बाकावर ताल धरत आठवीच्या वर्गानं मिळून हे रचलं:

'उल्हास फुगली
साकव बुडाला
मास्तर अडला
पल्याडच!'

मुख्याध्यापकांनी हसून दाद दिली, हे त्यांचं मोठेपण.

ओवीसाठी मात्र मी मुलांना घरी पाठवते. आजीला विचारा, जात्यावर काय म्हणायचीस? जातं कधीच माळ्यावर गेलं असलं, तरी ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या, यावरून बायकांनी केवढं रचून ठेवलं होतं याचा अंदाज येईल. एका मुलाच्या आजीनं आधी 'मला काही येत नाही' म्हणून हात झटकले, आणि मग रात्री साडेनऊपर्यंत त्याला झोपू दिलं नाही!

आता थोडं कठीण. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर जातात. शाळेत येतात तेव्हा गणितात मागं, इंग्रजीत मागं, सगळ्यातच मागं. अशा एका मुलाला मी म्हटलं, भट्टीवरचंच लिही. त्यानं लिहिलं, 'गारा हाताला थंड लागतो. तीच वीट भाजून निघाली की ओळख देत नाही.' त्याला यातून गुण मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. पण वर्गात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट त्याला माहीत आहे, हे वर्गाला कळलं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला वीट कशी थापतात ते विचारत होती.

'पाऊस' हा विषय मी नेमून देत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या मुलांना पाऊस म्हणजे फक्त कागदी होड्या नव्हेत. तरी त्यांच्या लिखाणात तो आपणहून येतो. 'रात्री पाऊस वाढला की आजी दार उघडून डोंगराकडे बघते,' असं एकीनं लिहिलं आणि तिथंच थांबली. अशा वेळी 'शेवटी ऊन पडलं असं लिही ना' असं सुचवायचा मोह आपल्याला, आयांना फार होतो. तो आवरावा. मी तिला एवढंच विचारलं, की आजी दार पुन्हा लावते का? ती म्हणाली, 'नाही. आम्ही झोपलो तरी ती बघत असते.' हीच तिची पुढची ओळ झाली.

एक पालक मला म्हणाल्या, 'बाई, कवितेनं का पोट भरतं?' नाही भरत. पण त्यांचाच मुलगा निबंधात 'माझा आवडता ऋतू'ची ठरीव दहा वाक्यं सोडून आवणाचा हिरवा रंग लिहायला लागला, हे त्यांनाच आधी दिसलं.

घरी करून पाहायचं असेल, तर एक साधी रेघांची वही वेगळी काढा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, ते मुलांच्या हाताशी ठेवा. चपात्या लाटताना मुलाला कणकेबद्दल तीन गोष्टी विचारा; 'मऊ' हे उत्तर घेऊ नका, 'कशासारखी मऊ?' विचारा. शेजारच्या बाईंसमोर 'म्हणून दाखव तुझी कविता' असं फर्मान सोडू नका. वही तपासायला मागू नका. आपणहून दाखवली तर हात पुसून, खाली बसून वाचा, आणि यातली कुठली ओळ ठेवायची, कुठली गाळायची, ते त्यालाच विचारा.