कंपनीचा शब्द आणि परवान्याचा कागद

करोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च २०२० मध्ये, मेडट्रॉनिक कंपनीने आपल्या पीबी ५६० या व्हेंटिलेटरचे आराखडे खुले केले. जगभर कौतुक झाले. परवान्यातली मुदत मात्र फार थोड्यांनी वाचली: जागतिक आरोग्य संघटना आणीबाणी संपल्याचे जाहीर करेपर्यंत किंवा १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत, जे आधी घडेल ते. संघटनेने ५ मे २०२३ रोजी घोषणा केली.

लशीचेही तसेच. साथ असेपर्यंत पेटंटवरून कोणाला कोर्टात खेचणार नाही, असे मॉडर्नाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. मार्च २०२२ मध्ये हा शब्द ९२ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांपुरता उरला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने फायझर व बायोएनटेकवर दावा ठोकला.

असा शब्द खोटा असतो असे नाही. तो अटींचा असतो. औषधाच्या वेष्टनावरची मुदत आपण पाहतो, तशी ही अटही पाहायला हवी.

संगणकात हा प्रश्न जुना आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'ओपन स्पेसिफिकेशन प्रॉमिस' दिले: ठरावीक तांत्रिक मानकांनुसार कोणी प्रोग्रॅम लिहिला तर पेटंटचा दावा नाही, आणि हा शब्द मागे घेतला जाणार नाही. पण संरक्षण त्या मानकाला धरून चालणाऱ्या भागापुरतेच. मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना म्हणतो, ज्याच्या हाती प्रोग्रॅम पडेल त्याने तो हवा तसा बदलावा, हव्या त्या कामाला लावावा. मानकाबाहेर बदल केला की पेटंटचे छत्र उडते. म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने इशारा दिला की जीपीएलखाली लिहिणाऱ्यांनी या वचनावर विसंबू नये.

याच कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या मदतीने बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊसशेतीचा प्रयोग चालवला आहे. उद्या तसेच काही रुग्णालयातही येईल. समजा, इंदापूरच्या एखाद्या मुलाने केसपेपरचा मुक्त प्रोग्रॅम घेऊन त्यात मधुमेहाच्या रुग्णांची नोंदवही जोडली. भारतात त्याला फारशी धास्ती नाही, कारण आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. तोच प्रोग्रॅम अमेरिकेतल्या दवाखान्याने घेतला, तर हा दिलासा तिथे चालत नाही.

छत्तीसगडच्या गनियारीतील जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात आधी वापरली गेलेली 'बाह्मनी' ही रुग्णनोंद प्रणाली एजीपीएल आवृत्ती ३ खाली आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पेटंटचा परवाना लिहिलेलाच आहे: ज्याने त्यात आपले काम घातले, त्याने त्या कामापुरते आपले पेटंटही वापरू दिले, पुढे ज्याच्याकडे प्रती जातील त्यालासुद्धा. साथ संपली म्हणून तो संपत नाही.