चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

मुलाला जुलाब लागले की आजही अनेक घरांतून पहिली मागणी होते ती सलाइनची, नाहीतर जुलाब थांबवणाऱ्या गोळीची. मीठ-साखरेचे पाणी हेच मुख्य औषध आहे, असे सांगितले तर आईवडिलांचा विश्वास बसत नाही. औषध जितके साधे, तितके ते लोकांच्या गळी उतरवणे कठीण.

अतिसारात मूल दगावते ते प्रामुख्याने शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे, सारे विज्ञान एवढेच आहे. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी हे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

उपाय सिद्ध झाला, पण तो घराघरांत पोहोचवायचा कसा? बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८०मध्ये हे काम हाती घेतले. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढीच कृती. महिला कार्यकर्त्या दारोदार जाऊन ती आईच्या हातून करवून घेत. कार्यकर्तीचा पगार मात्र किती घरे झाली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसराच कोणी निवडक घरी जाऊन प्रश्न विचारी. आईला किती आठवते, यावर मोबदला मिळे. तिने केलेल्या पाण्यातील मिठाचे प्रमाणही प्रयोगशाळेत तपासले जाई.

तरीही सुरुवातीला वापर फार कमी होता. आयांना कृती पाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर त्या ती करत नव्हत्या. चौकशीत कळले की, खुद्द काही कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना हे पाणी कसे काम करते ते नीट समजावले गेले. त्या गावकऱ्यांसमोर आधी स्वतः पाणी पिऊ लागल्या. घरातील पुरुषांशी बाजारात, मशिदीत बोलणे सुरू झाले. १९९०पर्यंत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे झाली.

याच काळात सोशल मार्केटिंग कंपनीने तयार पाकिटे परवडणाऱ्या किमतीत दुकानांतून विकायला आणली आणि त्यांची जाहिरातही केली. कृती घरात पोहोचली होती, माल गल्लीतल्या दुकानात आला. सामाजिक विपणन म्हणतात ते हेच: साबण किंवा चहा विकण्याची युक्ती, पण नफ्याऐवजी आरोग्यासाठी वापरलेली. आज बांगलादेशात जुलाब झालेल्या सुमारे तीन चतुर्थांश बालकांना ओआरएस मिळते. भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हे प्रमाण ६०.६ टक्के आहे.

बाजाराची हीच ताकद उलटही फिरू शकते. आपल्याकडे जास्त साखरेची पेये 'ओआरएस' हे नाव मिरवत मेडिकलमध्ये विकली जात होती. जास्त साखरेने आतड्यात पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरण्यास मनाई केली. लोकांचा ज्या नावावर विश्वास बसतो, ते नाव जपावेही लागते.

म्हणून पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. वरून साखर घालू नये. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठावा.