चूक पिल्लाची नव्हे, वेळापत्रकाची

छोट्या जातीच्या पिल्लाला घरात स्वच्छतेची सवय लावताना मार नव्हे, घड्याळ उपयोगी पडते

रविवारी सकाळी टोपलीतून पिल्लू घरी येते. मुले हरखून जातात, नाव काय ठेवायचे यावरून घरात वाद रंगतात आणि शेजारीपाजारी कौतुकाने डोकावून जातात. आठवडाभरात मात्र घरातला सूर बदलू लागतो. दिवाणखान्यातली सतरंजी ओली झालेली असते, पलंगाखालून दुर्गंधी येत असते, पहाटे उठलेल्या आजोबांचा पाय घसरता घसरता वाचलेला असतो. प्रथम रागावणे, मग वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा फटका आणि महिनाभरात 'याला कुणाला तरी देऊन टाकू या' असा निर्णय. शहरांतील अनेक पिल्लांची कहाणी याच क्रमाने पुढे सरकते. वास्तविक ज्या गोष्टीसाठी त्याला घराबाहेर काढले जाते, ती त्याला कुणी शिकवलेलीच नसते.

पामेरियन, पग, डॅक्सहुंड, शित्झू यांसारख्या छोट्या जाती सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांच्या विशेष पसंतीच्या. २००३ मध्ये 'हच'च्या जाहिरातीतून झळकलेल्या पगने तर देशभर मोहिनी घातली. 'लहान कुत्रे म्हणजे कमी त्रास' असा सर्वसाधारण समज त्यामागे असतो. स्वच्छतेच्या सवयीपुरते बोलायचे तर हा समज उलटा ठरतो. लहान शरीर म्हणजे लहान मूत्राशय. त्यामुळे ही पिल्ले थोडी थोडी, पण वारंवार लघवी करतात. मोठ्या जातींच्या तुलनेत त्यांना सवय लागण्यास अनेकदा अधिक वेळ लागतो. शिवाय त्यांनी केलेला ओलावा इतका थोडा असतो, की तो कित्येकदा ध्यानातही येत नाही आणि तेवढ्यात चुकीची जागा पक्की होऊन बसते.

शरीराची तयारी

जन्मानंतरचे सुमारे तीन आठवडे पिल्लू स्वतःहून मलमूत्रविसर्जन करू शकत नाही. आई चाटते, तेव्हाच ती क्रिया घडते, आणि जागाही तीच स्वच्छ ठेवते. पिल्लू चालू लागले, की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकण्याची उपजत प्रवृत्ती त्याच्यात दिसू लागते. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास पायांखाली कोणता पृष्ठभाग असावा, याची आवड तयार होते. माती, गवत, कागद किंवा फरशी, जे वारंवार पायांखाली येईल ते त्याला 'योग्य' वाटू लागते. अरुंद पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना झोपायच्या जागीच सारे करावे लागते. त्यामुळे ही नैसर्गिक प्रवृत्ती बोथट होते आणि पुढे शिकवणे अवघड जाते. श्वानपैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. पिल्लू घेताना ते कोठे व कसे वाढले, हे स्वतः पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

मूत्राशयावर पुरेसा ताबा साधारण तीन ते चार महिन्यांनंतर येऊ लागतो. पशुवैद्यक एक ढोबळ हिशेब सांगतात. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवला की येईल तितके तास ते फार तर थांबू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू जास्तीत जास्त तीन तास. जागे असताना आणि खेळताना हा अवधी आणखी कमी होतो. छोट्या जातींच्या बाबतीत दर दीड-दोन तासांनी संधी देणे शहाणपणाचे. रात्रीही सुरुवातीचे काही आठवडे एकदा-दोनदा उठावे लागते.

घड्याळ आणि एक ठरलेली जागा

सवय लावण्याची पद्धत साधी आहे. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर दहा ते तीस मिनिटांच्या आत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लाला उचलून ठरलेल्या जागी न्यायचे. पोटात अन्न गेले, की आतड्यांची हालचाल वाढते. म्हणूनच खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील, तर शौचाच्या वेळाही आपोआप ठरतात. दिवसभर वाटीत खाणे पडून असेल, तर हे गणित जमत नाही.

ठरलेल्या जागी शांत उभे राहावे, पिल्लाशी खेळू नये, एखादा ठरावीक शब्द उच्चारावा. काम होताच तिथल्या तिथे कौतुक करावे आणि खाऊचा कण द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ उपयोगाचा नाही, कारण पिल्लाच्या लेखी तो घरात आल्याचा खाऊ असतो. पाच-सात मिनिटांत काही झाले नाही, तर त्याला मांडीवर किंवा नजरेसमोर ठेवून थोड्या वेळाने पुन्हा न्यावे.

जमीन हुंगत गोल फिरणे, खेळता खेळता अचानक थांबणे, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे निघणे या खुणा ओळखता आल्या, की निम्मे काम झाले. ज्या वेळी लक्ष ठेवणे शक्य नसेल, त्या वेळी पिल्लाला संपूर्ण घर मोकळे देऊ नये. एखादा आडोसा करून लहान जागेत त्याचे अंथरूण ठेवावे. ही जागा शिक्षेची नव्हे, विश्रांतीची वाटली पाहिजे.

सदनिकांतली अडचण

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर सोडणे धोक्याचे असते. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो आणि पिल्लांसाठी तो प्राणघातक ठरू शकतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होणारे लसीकरण साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. तोवर बाल्कनीचा किंवा मोरीचा एक कोपरा निश्चित करून तेथे जुनी वर्तमानपत्रे किंवा बाजारात मिळणारे पॅड अंथरावे. लस पूर्ण होऊन पशुवैद्यकाने होकार दिल्यावर हाच सराव हळूहळू बाहेर न्यावा. बाहेरच्या जागी वापरलेल्या कागदाचा तुकडा ठेवला, की वासाने पिल्लाला जागा उमगते.

यात एक गफलत मात्र संभवते. कागदाची सवय झालेल्या पिल्लाला जमिनीवर पसरून वाचायला घेतलेले वर्तमानपत्रही आपल्यासाठीच अंथरल्यासारखे वाटते. पॅड आणि पायपुसणे यांतील फरकही त्याला चटकन कळत नाही. त्यामुळे या काळात पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून ठेवणेच बरे. पावसाळ्यात अनेक छोटी कुत्री ओल्या जमिनीवर पाय ठेवायला तयार होत नाहीत. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. म्हणून घरातली जागा पावसाळाभर कायम ठेवावी.

फिनाईलने पुसून फरशी आपल्याला स्वच्छ वाटते, कुत्र्याच्या नाकाला नव्हे. मूत्राचा वास शिल्लक राहिला, की पिल्लू पुन्हा तेथेच येते. फिनाईल त्याच्या पंजांना व पोटाला अपायकारकही ठरू शकते. पशुखाद्याच्या दुकानांत मिळणारी, विकरांच्या साह्याने मूत्राचे घटक मोडणारी द्रावणे अधिक परिणामकारक. अमोनियायुक्त द्रावणे टाळावीत. त्यांचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो.

मार आणि उपास

केलेल्या घाणीत नाक घासणे हा घरोघरी सांगितला जाणारा उपाय निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. काही मिनिटांपूर्वी केलेल्या कृतीशी पिल्लू या शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. त्याला इतकेच कळते, की माणसासमोर लघवी केली की मार बसतो. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली लपून करू लागते आणि बाहेर नेल्यावर मालकासमोर करायला धजत नाही. घरात येताच ते अपराध्यासारखे अंग चोरते, तेव्हा ती चुकीची कबुली नसते. समोरच्याच्या रागाची ती भीती असते. मालकाला पाहताच थेंब थेंब लघवी होणे हाही बेशिस्तपणा नव्हे. भीतीने किंवा अतिआनंदाने तसे घडते आणि रागावल्याने ते वाढते.

'कमी खायला दिले तर कमी घाण' हा विचार त्याहून धोकादायक. छोट्या जातींच्या पिल्लांत उपाशी राहिल्यास रक्तातील साखर झपाट्याने उतरू शकते. पिल्लू मलूल होणे, थरथरणे, झटके येणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाणे आणि पुरेसे पाणी मिळालेच पाहिजे. सवय लागलेले पिल्लू अचानक वारंवार लघवी करू लागले, कण्हू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर शिकवणीचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्यक गाठावा. मूत्रमार्गाचा संसर्ग शिस्तीने बरा होत नाही.

बाहेर नेणे सुरू झाल्यावर नागरिक म्हणूनही एक कर्तव्य उरते. इमारतीच्या आवारात आणि रस्त्यावर केलेली घाण पिशवीत उचलून नेणे. सोसायट्यांमधील कित्येक वादांचे मूळ कुत्र्यात नसून न उचललेल्या घाणीत असते.

पाच-सहा महिन्यांच्या वयापर्यंत बहुतेक पिल्ले बऱ्यापैकी शिकतात. छोट्या जातींना कधी वर्षही लागते आणि मधूनच एखादा दिवस बिघडतो. अशा वेळी पिल्लाकडे बोट दाखवण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे. बहुधा त्याला न्यायची वेळ टळून गेलेली असते. छोट्या जातीचे कुत्रे बारा-पंधरा वर्षे सोबत करते. त्या सोबतीसाठी सुरुवातीचे काही महिने घरातल्या माणसांनीच वेळा पाळायच्या असतात.