चातक आणि सातभाई

मे महिन्याच्या अखेरीस माळावरच्या बाभळींतून ‘पियू, पियू’ अशी धातूसारखी खणखणीत हाक येऊ लागते. हा चातक. अंगाने साळुंकीएवढा, पण शेपूट लांब. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा. दक्षिण भारतात काही चातक वर्षभर राहतात. पण मध्य आणि उत्तर भारतात पावसाळ्याच्या तोंडावर दिसणारे बरेचसे चातक आफ्रिकेतून, नैर्ऋत्य वाऱ्यांच्या साथीने आलेले असतात.

तो फक्त पावसाचे थेंब पितो, ही कविकल्पना. खरी ओढ अळ्यांची. पहिल्या सरींनंतर पाला फुटतो, त्यावर केसाळ अळ्या माजतात. बहुतेक पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत; चातक मात्र अळी चोचीत दाबून, आतडे पिळून काढून गिळतो.

घरटे तो बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. सातभाईंची अंडी निळी, हिचेही निळेच. सातभाई थव्याने राहतात आणि पिल्लांना सगळा थवा भरवतो, त्यामुळे चातकाच्या पिल्लालाही आयते पाच-सहा काका-मावश्या मिळतात. (कलकलाट करणाऱ्या या मंडळींना फसवणे इतके सोपे असावे, याचे नवल वाटते.)

सप्टेंबर-ऑक्टोबरात चातक परततात. त्या वर्षीची पिल्लेही समुद्रापारची वाट धरतात, आणि ती दाखवायला त्यांना वाढवणारे सातभाई काही बरोबर जात नाहीत. ते बाराही महिने त्याच बाभळींत.